ओसरीवरचा राघू आणि कायदा

मैत्रिणींनो, आपल्या नांदेड-लातूरकडं अजूनही काही घरांत राघूचा पिंजरा दिसतो. लाडानं पेरू-मिरची चारली तरी तो गुन्हाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला रानपोपट पकडायला, विकायला, पाळायला बंदी आहे. हौसेसाठी परवाना मिळत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मकाव, आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांची २०२४च्या नियमांप्रमाणं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते.

घरी राघू असेल तर एकदम पिंजरा उघडू नका. माणसाळलेल्या पाखराला दाणापाणी शोधता येत नाही, मांजरापासून जीव वाचवता येत नाही. पुण्य करायला जाल आणि जीव जाईल. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करून त्यांच्याच हाती द्या.