जुनी मोटार आणि संभाव्यतेचे गणित

समजा, तुमचे काका नांदेडला एक जुनी मोटार घेत आहेत. कामासाठी त्यांना दर आठवड्याला लातूरला जावे लागते. विक्रेता म्हणतो, "आणखी 9,000 रुपये भरा, वर्षभरात इंजिन वा गिअरबॉक्स बिघडल्यास दुरुस्ती आमच्याकडे." काकांनी काय करावे?

चला, हिशोब मांडू. अशी दुरुस्ती 40,000 रुपयांची, आणि ती वर्षात निघण्याची संभाव्यता 1/10 मानू. गुणाकार 4,000 रुपये. ही झाली अपेक्षित हानी. या कल्पनेचे मूळ पास्कल व फर्मा यांच्या 1654 मधील पत्रव्यवहारात आहे. मग वरचे 5,000 कशाचे? कंपनीचा खर्च आणि नफा!

हजार मोटारींपैकी शंभराच्या आसपास बिघडतील, हे कंपनी बऱ्याच खात्रीने सांगू शकते. बृहत्संख्यांचा हा नियम याकोब बेर्नुलीने सिद्ध केला. तो 1713 मध्ये प्रसिद्ध झाला. काकांकडे मात्र एकच मोटार. ती 'एक दशांश' बिघडत नाही! म्हणून खरा प्रश्न असा: 40,000 चा घाव एकदम सोसेल का? शिल्लक असेल तर हमी नको. त्यापायी मुलीची फी अडणार असेल, तर 5,000 ही निर्धास्तपणाची किंमत समजावी.

पण अटी वाचा. क्लचप्लेट, ब्रेक, टायर अशा झिजणाऱ्या भागांना बहुधा हमी नसते. आणि आधी ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवा. त्याच्या तपासणीत संभाव्यता 1/4 वाटली तर? गुणाकार करून पाहा. मग हमी घ्यावी, की ती मोटारच घेऊ नये?