शातो गायार आणि ‘निरुपयोगी तोंडे’

ग्वाल्हेरच्या माणसाला किल्ल्याचे अप्रूप सांगावे लागत नाही. दररोज सकाळी दवाखान्याकडे जाताना डोंगरावरची ती तटबंदी नजरेला पडते आणि तिच्याकडे न पाहताच आपण पुढे जातो. म्हणूनच काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने पॅरिसला गेलो असता, एक मोकळा दिवस मी पडक्या किल्ल्यासाठी राखून ठेवला, तेव्हा सौभाग्यवतींनी हात जोडले. ‘घरी एवढा मोठा किल्ला असताना?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

पॅरिसच्या वायव्येस साधारण शंभर किलोमीटरवर, नॉर्मंडी प्रांतात, ले झांदली हे लहानसे गाव आहे. तेथे सीन नदी मोठे वळण घेते आणि त्या वळणावर खडूसारख्या पांढऱ्या दगडाचा उंच कडा उभा आहे. या कड्यावर शातो गायारचे अवशेष आहेत. आज बालेकिल्ल्याचा निम्माअधिक ढासळलेला बुरूज, आतल्या तटाचा काही भाग आणि खडकात खोदलेले खंदक एवढेच शिल्लक असले, तरी खाली नदीकडे पाहिले की ही जागा का निवडली असेल, हे कोणालाही समजावे. रूआँ या नॉर्मंडीच्या राजधानीकडे जाणारा जलमार्ग येथून मुठीत ठेवता येत असे.

किल्ला बांधला इंग्लंडचा राजा रिचर्ड सिंहहृदयी याने, ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन वर्षांत. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होती आणि फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप तिच्यावर टपून होता. जागा मात्र रूआँच्या आर्चबिशपांच्या मालकीची. त्यांनी रागावून साऱ्या नॉर्मंडीत धार्मिक विधींवर बंदी घातली. मग प्रकरण पोपपर्यंत गेले आणि दिएप बंदरासह बरीच मालमत्ता आर्चबिशपांना देऊन रिचर्डने ते मिटवले. बांधकामाला सुमारे बारा हजार पौंड लागले. इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून त्याने आपल्या साऱ्या कारकिर्दीत एवढा खर्च केला नव्हता. एकापुढे एक तीन तटबंद आवारे, मध्ये खंदक आणि सर्वांत आतल्या तटाला बाहेरून अर्धगोल फुगवटे, जेणेकरून दगडाचा मारा घसरून जावा. एवढे करून रिचर्डला त्याचा उपभोग फारसा मिळाला नाही. ११९९ च्या मार्चमध्ये एका क्षुल्लक गढीच्या वेढ्यात खांद्यात बाण लागला, जखम चिघळली आणि एप्रिलमध्ये तो गेला. त्या काळी शस्त्रापेक्षा जखमेनेच अधिक राजे मारले, असे आपल्या व्यवसायातील माणसाला वाटते.

त्याचा भाऊ जॉन गादीवर आला आणि १२०३ च्या उन्हाळ्याअखेर फिलिपने वेढा घातला. किल्लेदार होता रॉजर द लेसी, निष्ठावान आणि कडक. पायथ्याचे गाव फ्रेंचांनी घेतले तेव्हा तेथील रहिवासी, बायकामुलांसह, जीव घेऊन किल्ल्यात शिरले. जॉनने पाठवलेली कुमक नदीतून व जमिनीवरून एकाच वेळी पोहोचायची होती. नदीच्या ओढीमुळे होड्यांना उशीर झाला आणि दोन्ही तुकड्यांचा वेगवेगळा पराभव झाला. आता उरला तो धान्याचा हिशेब. शिबंदी थोडी, गावकरी पुष्कळ.

द लेसीने गावकऱ्यांना बाहेर काढण्यास सुरुवात केली. पहिल्या दोन तुकड्यांना वेढ्यावरच्या फ्रेंच सैनिकांनी दया येऊन जाऊ दिले. फिलिपला हे कळताच त्याने मनाई केली. किल्ल्यात तोंडे जितकी जास्त, तितका किल्ला लवकर पडणार, हा त्याचा हिशेब. त्यानंतर शेवटची मोठी तुकडी बाहेर पडली, तेव्हा समोरून बाण आले. लोक मागे फिरले, तर किल्ल्याचे दरवाजे बंद. तट आणि मोर्चे यांच्यामधल्या उतारावर, खडकांच्या आडोशाने, शेकडो माणसे सारा हिवाळा अडकून पडली. वेढ्यात अशा लोकांना फ्रेंच भाषेत ‘निरुपयोगी तोंडे’ म्हणतात. आपण फार नाके मुरडू नयेत; लष्करासोबतच्या बिनलढाऊ माणसांना आपल्याकडे ‘बुणगे’ म्हटले गेले आणि पानिपतावर १७६१ च्या जानेवारीपर्यंत उपाशी राहिलेल्यांत त्यांचाच भरणा मोठा होता. या गावातल्या आपल्या कितीतरी घराण्यांचा इतिहास तेथूनच सुरू होतो.

हे सारे लिहून ठेवले ते फिलिपच्याच धर्मोपदेशकाने, ब्रिटनीच्या गियोमने. तो वेढ्यात हजर होता. आपल्या धन्याची बाजू तो घेतो, हे ध्यानात ठेवूनच वाचावे लागते. तो सांगतो, की लोक गवत आणि हाकलून दिलेली कुत्री खाऊन जगले. किल्ल्यातून उडून आलेली एक कोंबडी पिसांसकट संपवली गेली. तेथे एका स्त्रीचे बाळंतपण झाले. त्या अर्भकाचे पुढे काय झाले, तेही तो लिहितो. ते मी येथे लिहिणार नाही.

अखेर १२०४ च्या फेब्रुवारीत फिलिप स्वतः आला, लोकांनी त्याच्याकडे पाहून आक्रोश केला आणि त्याने त्यांना अन्न देऊन सोडण्याची आज्ञा दिली. तोवर निम्म्याहून अधिक मेले होते. वाचलेल्यांपैकी एकाच्या हातात कुत्र्याची तंगडी होती. पोटभर भाकरी मिळेपर्यंत ती टाकणार नाही, असे तो म्हणाला. भाकरी मिळाली, पण त्याला ती धड गिळता येईना.

या वाक्यापाशी मी त्या कड्यावर बराच वेळ थांबलो. १९९० च्या दशकात, निवासी डॉक्टर असताना, माझ्या पाळीत दोन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. सुकलेला, पायावर सूज, रडण्याचेही त्राण नसलेला. मी त्याला सलाईन लावले आणि आईला म्हणालो, ‘मागेल तेवढे दूध द्या.’ त्याने अधाशीपणाने दूध प्यायले. आई पहिल्यांदा हसली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. उपासमारीने वाळलेल्या शरीरात एकदम अन्न गेले, की इन्शुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतात, आणि हृदय ते सोसत नाही. हे पुस्तकात होते. मला ते रात्रपाळीत आठवले नाही. आज पोषण पुनर्वसन केंद्रांत अशा मुलांना प्रथम ऊबदार ठेवतात आणि दर दोन तासांनी सौम्य दूध मोजून देतात; पोटभर नंतर. श्योपूरकडून येणाऱ्या सहरिया मुलांच्या बाबतीत मी परिचारिकांना हेच पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्यांना माझा कंटाळा येतो.

किल्ला ६ मार्च १२०४ रोजी पडला. फ्रेंचांनी बाहेरचा बुरूज सुरुंगाने पाडला, दुसऱ्या आवारात भिंतीतल्या एका उघड्या भागातून काही जण शिरले, आणि आतला तट शेवटी पोखरून कोसळवला. दीडशेच्या आसपास माणसे कैद झाली. जूनमध्ये रूआँ शरण आले आणि नॉर्मंडी इंग्लंडच्या हातून गेली. द लेसीच्या सुटकेसाठी जॉनने पैसा पुरवला व पुढे त्याला मानाची पदेही दिली.

पुढचा इतिहास मी पटकन सांगतो. १३३४ मध्ये स्कॉटलंडचा दहा वर्षांचा राजा दुसरा डेव्हिड, आपल्या बालवधूसह, आश्रयासाठी येथे आला आणि १३४१ पर्यंत राहिला. १४१९ मध्ये इंग्रजांनी किल्ला पुन्हा घेतला तो विहिरीतून पाणी ओढणारे दोर झिजून तुटल्यामुळे, असे सांगतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी चौथ्या हेन्रीने तो पाडण्याचा हुकूम दिला आणि त्याचे दगड आसपासच्या इमारतींना गेले.

उतरताना मी मुख्य पायवाट सोडून खंदकाच्या कडेने खडकांच्या कपारी पाहत गेलो. त्या दिवशी तेथे एका फ्रेंच शाळेची सहल आली होती. मुले त्या कपारींत लपाछपी खेळत होती, आणि त्यांच्या बाई डब्यातले सँडविच संपवा म्हणून ओरडत होत्या.