रॉयल्टी शून्य झाली, पिशवी का नाही उतरली? कंपन्यांची निवेदनं अशी वाचा

मुरबाड : आपल्याकडे भात, कापूस नाही. पण जूनच्या तोंडावर संकरित भाताची पिशवी आपणही विकतच आणतो. म्हणून कपाशीच्या बियाण्याचं हे भांडण आपणही समजून घ्यायला हवं.

भांडण काय होतं?
बीटी कपाशीच्या बोलगार्ड-२ तंत्रज्ञानाचं पेटंट अमेरिकेच्या मोन्सॅन्टोकडे. जालन्याच्या महिकोसोबतची तिची भागीदारी कंपनी प्रत्येक पिशवीमागे बियाणं कंपन्यांकडून रॉयल्टी घ्यायची. हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सने ती जास्त आहे म्हणून पैसे अडवले. २०१५ मध्ये करार तुटला, वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ४५० ग्रॅमच्या पिशवीचा भाव ८०० रुपये ठरवला. त्यात रॉयल्टी फक्त ४९ रुपये, आधी ती १६० च्या आसपास होती.

‘फेरविचार करू’
मोन्सॅन्टोने तेव्हा भारतातल्या कामाचा फेरविचार करू, असं सांगितलं. लोकांना वाटलं, बियाणं बंद होणार. फेरविचार म्हणजे निर्णय नव्हे. बोलगार्ड-२ बाजारात राहिलंच. मात्र पुढच्या नव्या तंत्रज्ञानाच्या मंजुरीचा अर्ज कंपनीने त्याच वर्षी मागे घेतला.

‘कोर्टात जिंकलो’
एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट अमान्य ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मोन्सॅन्टो जिंकली, अशा बातम्या आल्या. खरं तर खटला पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला होता. तोवर मोन्सॅन्टो बायरने विकत घेतली होती. मार्च २०२१ मध्ये बायर आणि नुझिवीडूने आपसात मिटवलं. अटी जाहीर केल्या नाहीत.

‘शेतकऱ्यांच्या हितासाठी’
एक म्हणे रॉयल्टीचा बोजा शेतकऱ्यावर, दुसरी म्हणे तंत्रज्ञानाचा फायदा शेतकऱ्याला. हे तपासायची जागा एकच, पिशवीची किंमत. २०२० मध्ये रॉयल्टी शून्य झाली, तरी पिशवी ७३० लाच राहिली. २०२५ मध्ये तीच ९०१ रुपयांना. मजुरी, बीजोत्पादनाचा खर्च वाढला हे खरं. पण रॉयल्टी गेली म्हणून पिशवी स्वस्त राहिली नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून व्हॉट्सॲपवर असं निवेदन आलं की पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. कंपनीने निर्णय घेतलाय की नुसता इशारा दिलाय? कोर्टाने शेवटचा निकाल दिलाय की मधला आदेश? आणि आपल्या खिशातून जाणारा पैसा कमी झाला का? तिसऱ्याचं उत्तर निवेदनात सापडत नाही. ते कृषी केंद्राच्या पावतीवर असतं. पावती मागून घ्या, जपून ठेवा.