साखळीपट्ट्यांवरची विमानवाहू नौका

कोचीच्या गोदीत बांधलेली आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे आणि तिचे वजन सुमारे ४५,००० टन भरते. पाणी हा भार तळाला सगळीकडून पेलून धरते, म्हणून एवढा पोलादी डोंगर ताशी पन्नास किलोमीटरने पळू शकतो. अशी तरंगती धावपट्टी रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवर चढवून जमिनीवर चालवता येईल का, याचे बरेचसे उत्तर जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींत मिळते.

तिथले ‘बॅगर २८८’ हे उत्खनन यंत्र १३,५०० टनांचे आहे. बारा रुंद साखळीपट्ट्यांवर ते इतके पसरून उभे राहते, की जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला १.७ किलोच्या आसपासच राहतो. मोटारीच्या टायरमधली हवासुद्धा याहून जास्त दाबाची असते. याच हिशेबाने विक्रांतएवढ्या वजनाला साधारण २,६५० चौरस मीटर पट्टे पुरतील, आणि तेवढी जागा तिच्या डेकखाली सहज आहे. म्हणजे वजनाचे गणित सुटते.

अडते ते वेगाशी. २००१ मध्ये हे यंत्र एका खाणीतून दुसऱ्या खाणीत न्यायचे होते. अंतर २२ किलोमीटर, वेळ लागला तीन आठवडे. वाटेतल्या नदीत मोठे पोलादी नळ टाकून पाण्याला वाट करून दिली, वर दगड-खडीचा भराव घातला आणि त्यावरून यंत्र पलीकडे नेले. महामार्ग आणि रेल्वेमार्गही असेच जपून ओलांडावे लागले. नौका वाऱ्याला सामोरी वेगात जाते तेव्हा उड्डाण करणाऱ्या विमानाच्या पंखांना तो सगळा वारा आयता मिळतो. मिनिटाला दहा मीटर सरकणाऱ्या डेकवर वेगाचा हा लाभ जवळपास शून्य.

सपाटीचा प्रश्न त्याहून बिकट आहे. शंभराला एक एवढ्या मामुली चढावरही २६२ मीटरच्या डेकच्या दोन टोकांत अडीच मीटरांहून जास्त फरक पडतो. ‘नासा’चे अग्निबाण वाहून नेणारे यंत्र चढावर हायड्रॉलिक जॅकच्या बळावर माथा समतल ठेवते, पण ते खास बांधलेल्या, नदीतले गोटे पसरलेल्या रस्त्यावरून, ताशी दीड किलोमीटरच्या आसपास. युद्धात असा रस्ता आधी कोण बांधून ठेवणार? आणि इतके मोठे, इतके संथ लक्ष्य शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून लपवणार तरी कुठे?

थोडक्यात, यंत्र बनवता येईल, पण त्याचा उपयोग होणार नाही. समुद्रात जमीन नसते म्हणून धावपट्टी सोबत न्यावी लागते. जमिनीवर ती तयार करायचे सामान नेले की भागते. व्हिएतनाममधल्या चू लाय इथे मे १९६५ मध्ये अमेरिकी मरीन दलाने वाळूवर ॲल्युमिनियमच्या फळ्या अंथरायला घेतल्या आणि १ जूनला पहिले विमान उतरवले. विमान अडवायला तारा होत्याच, अगदी नौकेवर असतात तशा. स्वीडनने सरळ रस्त्यांचेच तुकडे धावपट्टीसाठी राखले. भारतीय हवाई दलाचे मिराज २००० हे विमानही मे २०१५ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर उतरले.

विमानवाहू नौकेचा डेक मात्र भारतातही जमिनीवर आहे. गोव्यात आयएनएस हंसा या तळावर विमानाला वर उचलणारा चढ आणि अडवणाऱ्या तारा बसवल्या आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये नौदलासाठी बनवलेले तेजस विमान तिथेच पहिल्यांदा तारेला अडकून थांबले. तो डेक एका जागी पक्का बांधलेला आहे.