एकही कट नसलेली एकशे अकरा मिनिटं

दिवाळीला गावाकडे सगळी जमली की कासुर्डीत आमच्याकडे एक भाग हमखास लावला जातो. आता टीव्ही इंटरनेटवर चालतो, त्यामुळे शोधायलाही वेळ लागत नाही. हा भाग ‘सीआयडी’ या पोलीस मालिकेचा, नाव ‘द इन्हेरिटन्स’. 2004 साली 7 नोव्हेंबरच्या रविवारी, दिवाळीच्या तोंडावर, तो सोनी वाहिनीवर दाखवला गेला. एकशे अकरा मिनिटांचा हा भाग एकाच शॉटमध्ये घेतलेला आहे. कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटीच थांबला. या कामाची गिनेस बुकात नोंद झाली.

त्या रात्री आम्हाला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. खुनी कोण, एवढंच बघायचं होतं. आता खुनी कोण हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लक्ष दुसरीकडे जातं. माणूस एका खोलीतून दुसरीकडे निघाला की कॅमेरा त्याच्याबरोबर निघतो, आणि तिकडची मंडळी आपापल्या जागी आधीच उभी असतात. त्यांना कुणी ‘ॲक्शन’ म्हणालेलं नसतं. प्रत्येक खोलीतला उजेड आधीच लावून ठेवायचा, तो कॅमेऱ्याला दिसू द्यायचा नाही, आवाज पकडायचा, शिवाय सावली पडू द्यायची नाही. ज्याचं बोलणं संपलं त्याने हळूच मागून वळसा घालून पुढच्या जागेवर पोचायचं. शंभराव्या मिनिटाला कुणाची जीभ अडखळली, तर सगळं पहिल्यापासून. हे सगळं ध्यानात घेऊन बघायला बसलं की छातीत धडधडतं, आणि ती धडधड रहस्याची नसते.

मला वाटतं, या भागाचं मूळ ‘सीआयडी’त नाही, त्याच्या बरंच मागे आहे. दिग्दर्शक बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकले आणि 1973 मध्ये मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे कॅमेरामन म्हणून लागले. बातमीच्या कॅमेरामनला ‘पुन्हा एकदा करा’ म्हणता येत नाही. मोर्चा असो, पंचनामा असो, घटना पुढे सरकते तसं आपणही सरकायचं, डोळा काढायचा नाही. ही सवय अंगात मुरलेला माणूस एकशे अकरा मिनिटं न थांबण्याचं धाडस करतो, याचं मला नवल वाटत नाही.

त्याच सवयीतून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका आली. पोलीस नियंत्रण कक्षाच्या 100 क्रमांकावरून हे नाव. आज तिथे 112 आहे. गोष्टी मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेल्या आणि भाषा मराठी. आमच्याकडे उरुळी कांचन आणि यवतच्या मधल्या या पट्ट्यात तेव्हा चित्र यायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. दूरदर्शनचं हे पुणे केंद्र 1973 पासूनचं, पण आमच्यापासून गड लांब पडतो. त्यामुळे मालिका सुरू व्हायच्या आधी एक जण पत्र्यावर चढलेला असायचा.

“आलं का रं?”

“मुंग्याच हायत! अजून जरा गडाकडं!”

“आता?”

“आलं, आलं, सोड हात! ...गेलं!”

अँटेनाला हात धरून ठेवला की चित्र स्वच्छ यायचं, सोडला की जायचं. मग दोन काड्या तारेने आवळून बांधायच्या. एवढ्या खटपटीने मिळालेल्या त्या करड्या चित्रात पोलीस घरातल्या कर्त्या माणसासारखे दिसायचे. चौकशी करताना ते थांबायचे, समोरच्याला पाणी द्यायचे, ऐकून घ्यायचे. गावातल्या म्हाताऱ्यांना हे फार भावायचं, कारण चौकीची पायरी चढायची म्हटलं की त्यांचे पाय जड व्हायचे. पुढे ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधून रमेश भाटकर घरोघरी पोचले. त्यांचा रुबाब पोरांना आवडायचा. ‘एक शून्य शून्य’चं वजन मात्र वेगळं होतं, ते मला पुन्हा कुठल्या मालिकेत सापडलं नाही.

‘सीआयडी’तले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम, आम्हाला ‘एक शून्य शून्य’पासूनचे ठाऊक. ते सेंट्रल बँकेत कॅशियर होते. बँकांच्या नाट्यस्पर्धेत बाळ धुरींच्या नजरेत भरले आणि ‘संगीत वरद’मधून रंगभूमीवर आले. नाटकात पडदा उघडला की मधे थांबता येत नाही. सिंग यांच्या न थांबणाऱ्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायला हीच तालीम कामी आली असणार. ‘द इन्हेरिटन्स’मध्ये त्यांच्याकडे बघा. बोलणं दुसऱ्याचं चालू असतानाही ते प्रद्युम्नच असतात.

‘सीआयडी’ 21 जानेवारी 1998 ला सुरू झाली तेव्हा गावठाणात केबल येत होती, मळ्यांमध्ये नव्हती. वायर एवढी लांब कोण ओढणार? मग मळ्यातली पोरं जेवणं उरकून बॅटरी घेऊन गावठाणात यायची. भारनियमनाची वेळ आडवी आली की भाग अर्धाच राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्याकडे लाईट होती त्याच्याभोवती घोळका. दौंडला राज्य राखीव दलाचा कॅम्प, नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे खाकी आमच्या नजरेखालची. पहाटे महामार्गाच्या कडेने भरतीसाठी सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं आजही दिसतात. त्यातल्या कित्येकांच्या डोक्यात पोलीस म्हणजे आधी ‘सीआयडी’तले दया आणि अभिजीत होते.

नंतरच्या वर्षांत मालिका सैल झाली, हे चाहता म्हणूनच सांगतो. मालिकेतले फॉरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांचे अहवाल क्षणात येऊ लागले. खऱ्या प्रकरणात व्हिसेरा पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि घरची माणसं महिनोन्‌महिने वाट बघतात. त्या वाट बघण्यातही केवढी गोष्ट असते! ‘एक शून्य शून्य’ला ती दिसली असती. तरीही 27 ऑक्टोबर 2018 ला पंधराशेच्या वर भाग करून मालिका थांबली तेव्हा घरात चुकल्यासारखं झालं. डिसेंबर 2024 मध्ये ती परतली, पण तोवर फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस गेले होते.

न थांबता काम करण्याचं धाडस ‘सीआयडी’च्याही बरंच आधी झालं होतं. ब्रिटनमध्ये 1962 साली बीबीसीवर ‘झेड कार्स’ नावाची पोलीस मालिका सुरू झाली. तिचे सुरुवातीचे भाग चक्क थेट प्रक्षेपित व्हायचे. चूक झाली तर ती देशभर दिसायची. ‘द इन्हेरिटन्स’च्या मागे जी हिंमत आहे, तिची ही थोरली बहीणच. पण टेप महाग, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आणि ‘झेड कार्स’चे शेकडो भाग हरवले. तिथले चाहते अजून एकेक हरवलेला भाग शोधत असतात, कुणाच्या खाजगी संग्रहात एखादी फिल्म मिळाली की त्याची बातमी होते.

आपल्याकडे ‘सीआयडी’ सुखरूप आहे, बोट लावलं की समोर येते. ‘एक शून्य शून्य’चे भाग मात्र मला पहिल्यापासून क्रमाने कुठेच बघायला मिळाले नाहीत. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर असलेली घरं आमच्या तालुक्यात मोजकी होती, पण होती. लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत मालिका भरून ठेवायची पद्धतही होती. बुरशी धरलेली टेपसुद्धा जाणकार हातात गेली तर साफ करून वाचवता येते. तेव्हा माळ्यावरची कॅसेट भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चालवून बघा. लग्नाच्या वरातीनंतर कुठे पोलिसांची जीप दिसली, तर ती कॅसेट आधी जपून ठेवा आणि मग मला निरोप धाडा.