घराचा नकाशा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

सातारा, कराड, मिरज, सांगली... आपल्या मोहल्ल्यांत जुनी घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. कुणी आखातात राबून पैसे पाठवतो, कुणी दागिने मोडतो. पण आरसीसी डिझाईनचा विषय निघाला की, "मिस्त्री जुना आहे, त्याला सगळं कळतं," असं म्हणून आपण मोकळे होतो. इथेच धोका आहे.

महाडची 'तारिक गार्डन' आठवा. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण मरण पावले. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. पोलिसांनी बिल्डरसोबत आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला. गुन्हा नोंदवला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. पण नकाशावर सही करणाराही कायद्याच्या कक्षेत येतो, हे त्यातून दिसलं.

कोण कशाला जबाबदार?

आर्किटेक्ट घराची मांडणी आणि परवानगीचा नकाशा करतो. पाया, कॉलम, बीम, सळई किती आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. ठरल्याप्रमाणे काम करणं ही ठेकेदाराची जबाबदारी. हलगर्जीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फ्लॅट घेतला असेल आणि प्रकल्प रेराखाली येत असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. "चूक आर्किटेक्टची होती," असं सांगून त्याला हात झटकता येत नाहीत. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली, तर त्याने ग्राहक आयोगाकडे जावं. तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची आहे.

मालकही सुटत नाही

दोन मजल्यांची परवानगी घेऊन तिसरा चढवला, किंवा पार्किंग मोठं व्हावं म्हणून कॉलम सरकवला, तर इंजिनिअर म्हणेल, "हे माझं डिझाईनच नाही." मग दावा कमकुवत होतो. विनापरवाना बांधकामाबद्दल एमआरटीपी कायद्याच्या कलम ५२ खाली मालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मशीद किंवा मदरशाचं बांधकाम असेल तर ट्रस्टींनीही हे लक्षात ठेवावं. तिथं शेकडो लोक एकत्र येतात.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या माणसांना आजही आठवतो. सांगली-मिरजेकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूरही आपण पाहिले. म्हणून शेजाऱ्याच्या घराचा नकाशा उचलून चालत नाही. माती तपासल्याशिवाय पाया ठरवू नये.

एवढं नक्की करा

- आर्किटेक्टची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी आहे का, हे पाहा. इंजिनिअरचा परवानाही तपासा.
- फी किती, काम कोणतं, साईटवर देखरेख कोण करणार, हे करारात लिहून घ्या.
- सही-शिक्क्याचे नकाशे आणि आरसीसी ड्रॉइंग स्वतःजवळ ठेवा.
- प्रत्येक बदलाला इंजिनिअरची लेखी संमती घ्या. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी.
- स्लॅब टाकण्याआधी सळईचे फोटो काढा आणि इंजिनिअरला दाखवा.
- शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, हे खरं. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. उद्या वाद झाला तर हाच कागद दोघांच्याही कामी येईल. आणि ज्या स्लॅबखाली आपली मुलं झोपणार आहेत, तो कुणाच्या हिशोबाने उभा आहे, हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.