पाळी सांभाळून मिस्सा

रविवार सोडला तर आपल्याकडच्या कॅथलिकांना वर्षातून दोनच दिवस मिस्साला जाणे बंधनकारक आहे: १५ ऑगस्टचा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि नाताळ. यादी इतकी आटोपशीर व्हायला काही शतके जावी लागली.

१६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी बंधनाचे सण कमी केले, तेव्हा तारापूरच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते. सणांमुळे काम बुडते, चूल पेटत नाही, ही गोरगरिबांची तक्रार त्या आदेशामागे होती. तरी तीसहून अधिक सण उरलेच. पुढे १९११ मध्ये दहावे पायस यांनी यादी ८ वर आणली, १९१७ च्या धर्मसंहितेने ती १० केली. १९८३ च्या संहितेने दहाच सण ठेवले, पण रोमच्या संमतीने ते कमी करण्याची मुभा प्रत्येक देशाच्या बिशपांना दिली.

मला मात्र वेळेची सवलत अधिक मोलाची वाटते. पूर्वी मिस्सा सकाळीच होई आणि कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून उपास. रात्रपाळी करणाऱ्याने काय करावे? १९५३ मध्ये बारावे पायस यांनी संध्याकाळच्या मिस्साला वाट करून दिली, १९५७ मध्ये उपास ३ तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत फोफावली, तोवर पाळीवाल्यांची ही अडचण धर्मसभेने दूर केली होती. आता तर सणाच्या आदल्या संध्याकाळचा मिस्साही चालतो.

बंधन घटले म्हणून श्रद्धा आटली, असे काही वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. गुड फ्रायडेला चर्चला जाण्याचे बंधन नाही, त्या दिवशी मिस्साही नसतो, तरी चर्चमध्ये उभे राहायला जागा मिळत नाही.

१५ ऑगस्ट आणि नाताळ हे दोन्ही दिवस सरकारी सुट्टीचे. पण रसायनांचे कारखाने सुट्टीलाही चालू असतात आणि ठेकेदाराकडच्या कामगाराने सुट्टी घेतली तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. बोईसरच्या कारखानदारांनो, ठेकेदारांनो, या दोन दिवशी मागेल त्याला पाळी बदलून द्या.